घाटातली लांब शर्यत : शेवटचे तीन आठवडे

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. संध्याकाळचा शेवटचा रुग्ण गेला, कंपाउंडरने दाराची एक फळी ओढून घेतली, तेवढ्यात आमच्याच गावातले एक बँक अधिकारी पत्नीसह आत आले. वय ४७. गेली पाच-सहा वर्षे मी त्यांना पहाटे घाटाच्या दिशेने पळत जाताना पाहतो. मी स्वतः पळणारा नव्हे. एस. टी. स्टँडपर्यंत चालून येतो, तेवढाच माझा व्यायाम. त्या दिवशी त्यांच्या अंगात १०१ ताप होता. पण त्यांची काळजी वेगळीच होती.

‘डॉक्टर, शर्यतीला सोळा दिवस राहिलेत. उद्या घाटात चाळीस किलोमीटर पळायचं ठरलंय. एखादं इंजेक्शन द्या, म्हणजे सकाळपर्यंत ताप उतरेल.’

पत्नी म्हणाल्या, ‘डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. माझं काही ऐकत नाहीत.’

मी इंजेक्शन दिले नाही. त्याऐवजी पाऊण तास आमचे बोलणे झाले. त्याचा सारांश आज वाचकांपुढे ठेवतो. कारण आपल्याकडेही घाटात पळणाऱ्यांची संख्या वाढली आहे. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन भरते. अशा शर्यतीत पळालेली काही मंडळी पुढे पन्नास, ऐंशी किलोमीटरच्या शर्यतींकडे वळतात. ही मंडळी महिनोन्महिने नेटाने तयारी करतात आणि शेवटच्या तीन आठवड्यांत, मन बेचैन झाले की, नको त्या चुका करून बसतात.

शर्यत कोणती?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. आमचे अधिकारी निघाले होते दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कॉम्रेड्स’ या शर्यतीला. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम या सैनिकाने ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी पहिल्या शर्यतीत ३४ जण निघाले आणि १६ जण पोचले. आज हजारो लोक त्यात पळतात, आणि दरवर्षी आपल्या देशातूनही अनेक जण जातात.

ही शर्यत पीटरमॅरिट्झबर्ग आणि दरबान या दोन शहरांमध्ये होते. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे ७ जून १८९३ च्या रात्री ज्या स्टेशनवर गांधीजींना गाडीतून उतरवून दिले, तेच गाव. एका वर्षी समुद्रकाठच्या दरबानहून वर चढत जायचे, तर पुढे कधी वरून खाली दरबानकडे उतरायचे, असा हा क्रम साधारणपणे आलटून पालटून चालतो. अंतर ८५ ते ९० किलोमीटर, आणि वाटेत पाच मोठे डोंगर. बारा तासांत पोचलात तर पदक. बारा तास भरले की एक जण पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर दोन पावलांवर असलेल्यालाही पदक मिळत नाही. वाटेतही ठरलेल्या वेळा असतात. त्या चुकल्या की बसमध्ये बसवून आणतात.

२०२५ ची शर्यत उताराची होती, अंतर जवळपास ९० किलोमीटर. नाव उताराचे, पण निम्मी वाट चढ-उतारांचीच. आपल्या पसरणीच्या घाटात एकदा वर आणि एकदा खाली आलात की मांड्या बोलू लागतात. तिथे तर हे दिवसभर चालते.

आता दम वाढायचा नाही

पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती अशी की, तुम्हाला ताप नसता तरी उद्याचे चाळीस किलोमीटर पळू नका असेच मी म्हणालो असतो. मोठ्या मेहनतीचा फायदा शरीरात उतरायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. शर्यतीच्या दोन आठवडे आधी केलेल्या दमछाकीतून दम वाढत नाही, उरतो तो फक्त थकवा.

म्हणून शेवटची सर्वांत लांब धाव साधारण तीन आठवडे आधी संपवावी. पुढे आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू निम्म्यावर आणावे. पूर्ण थांबू नये. पळण्याचे दिवस तेच ठेवावेत, वेगही अधूनमधून नेहमीचा असावा, फक्त अंतर कमी करावे. शेवटच्या आठवड्यात अर्धा-पाऊण तास हलके पळणे पुष्कळ झाले. या काळात गुडघा उगाच दुखतो, पोटरी जड वाटते, रात्री झोप लागत नाही. दुसरे काही कारण नसेल तर ही लक्षणे बहुधा मनाची असतात. शेतकरी पेरणी झाल्यावर रोज माती उकरून बी पाहत नाही, तसेच हे आहे.

तापात पळू नये

विषाणूजन्य तापात क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. ती बाहेरून कळत नाही. अशा वेळी जोराचा व्यायाम केला तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. गोळीने ताप उतरवला तरी आजार शरीरात असतोच. ताप उतरवून पळणे म्हणजे धुराची घंटा बंद करून आगीत झोपणे.

साधा नियम लक्षात ठेवावा. नुसते नाक वाहते आहे, घसा किंचित खवखवतो आहे, तर हलके पळायला हरकत नाही. पण ताप, अंगदुखी, छातीत कफ, धाप किंवा जुलाब असतील तर पळणे बंद. औषधाशिवाय ताप उतरून काही दिवस गेले, भूक परतली, सकाळची नाडी नेहमीवर आली, की आधी चालावे आणि मग हळू पळावे. छातीत दुखणे, धडधड, चक्कर यांपैकी काही जाणवले तर तपासणी केल्याशिवाय बूट घालू नयेत.

आमच्या अधिकाऱ्यांची सकाळची नाडी एरवी ५४ असे. आठ दिवसांत ती तिथे परत आली नाही, किंवा हृदयाच्या आलेखात काही वावगे दिसले, तर जायचे नाही, हे त्याच रात्री ठरवून घेतले. तिकीट, राहणे, नोंदणी धरून त्यांचे अडीच लाखांच्या घरात पैसे गुंतले होते. ते बराच वेळ गप्प बसले. मग पत्नीनेच विचारले, ‘आणि आली नाडी जागेवर, तर?’ मी म्हटले, ‘तर जाऊ द्या. पण साडेदहा तासांत पोचायचा हिशेब इथेच ठेवून जा. बारा तासांचा धरा.’

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने अशा शर्यतीची तयारी सुरू करण्यापूर्वीच रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, किंवा पळताना कधी छातीत दुखले वा भोवळ आली असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर शर्यतीच्या दिवशी कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे आधीच विचारून ठेवावे. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

उताराची तयारी

चढाला सगळे घाबरतात. पण स्नायूंची खरी मोडतोड उतारावर होते. भरलेली घागर उचलताना दंडाचा स्नायू आखडतो. तीच घागर सावकाश खाली ठेवताना तो लांबत असतो आणि त्याच वेळी भारही धरून ठेवतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूंना हेच करावे लागते. त्यात स्नायूंचे बारीक तंतू तुटतात. कॉम्रेड्सच्या उताराच्या शर्यतीत फील्ड्स हिल नावाचा लांब, तीव्र उतार साठ किलोमीटर उलटल्यावर येतो. तिथे मांड्यांनी साथ सोडली की पुढचे अंतर पायांनी नव्हे, हट्टाने काटावे लागते.

चांगली गोष्ट अशी की, शरीर हे लवकर शिकते. एकदा उतारावर नीट सराव केला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढे दुखावत नाहीत. म्हणून उताराचा शेवटचा कसून सराव तीन आठवडे आधी करावा. शेवटचे दोन आठवडे तीव्र उतार टाळावेत, म्हणजे तुटलेले भरून निघेल. शर्यतीत उतारावर लांब ढांगा टाकू नयेत. पावले लहान आणि भरभर पडावीत, गुडघा किंचित वाकलेला असावा. आणि चढ आला की सुरुवातीपासून थोडे पळावे, थोडे चालावे. चालण्यात कमीपणा नाही. बारा तासांच्या हिशेबाने गट करून नेणारे अनुभवी लोक तिथे असतात. तेही चढावर ठरवून चालतात.

पोटाची तयारी

साठ किलो वजनाच्या माणसाला ९० किलोमीटर पळायला साधारण पाच हजारांवर कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून साखरेच्या रूपात जो साठा असतो तो दोन हजारांच्या आसपास. बाकीची गरज चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या अन्नातून भागवावी लागते.

शेवटचे दोन दिवस भात, पोळी, बटाटा, केळी, गूळ यांचे प्रमाण वाढवावे आणि तेल-तूप कमी करावे. या दोन दिवसांत वजन एक-दीड किलो वाढते, कारण साखरेच्या साठ्याबरोबर शरीर पाणीही धरून ठेवते. त्याने घाबरू नये. आदल्या दिवशी मटकीची उसळ, कोशिंबिरी, तिखट रस्सा, दुधाचे पदार्थ बेताने किंवा नकोच. मऊ भात, वरण, थोडे मीठ, एवढे पुरे. परदेशी नव्या हॉटेलात नवे पदार्थ चाखण्याचा मोह शर्यतीनंतर पुरवावा.

पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटात जावेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासून थोडे थोडे खावे. कॉम्रेड्सच्या वाटेवर केळी आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात, म्हणजे आपल्या पोटाच्या ओळखीचेच अन्न. मात्र जे शर्यतीत खायचे ते आधी सरावात खाऊन पाहिलेले असावे.

पाणी किती प्यावे?

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी मदतीला बसलो होतो. सहाएक तास पळून आलेल्या एका तरुणाला माझ्यापुढे आणले. उलट्या, डोकेदुखी, बोलणे असंबद्ध. उन्हात पाणी कमी पडले असे गृहीत धरून मी सलाइन लावले. अर्ध्या तासात त्याला आकडी आली. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर त्याच्या रक्तातले सोडियम ११९ निघाले. ते १३५ ते १४५ असायला हवे. तो वाचला. पण त्याच्या बोटातली अंगठी रुतली होती, हात सुजले होते, हे मला दिसले होते आणि मी त्याचा अर्थ लावला नव्हता. मित्रांनी नंतर सांगितले, तहान लागण्याआधी प्यायचे असे कोणीतरी बजावल्यामुळे तो प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी पीत आला होता.

वाचकहो, पाणी जास्त झाल्यानेही माणूस मरू शकतो. तासन्‌तास श्रम करताना शरीर लघवी कमी करते. अशा वेळी पीतच राहिले तर रक्त पातळ होते, सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येते. दक्षिण आफ्रिकेचे डॉ. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी सात तासांहून लांब शर्यतींतल्या अशा चार खेळाडूंची हकिकत १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याखाली निघाले. तिघांचे तर १२० किंवा त्याहून कमी होते.

म्हणून नियम सोपा ठेवावा. तहान लागेल तेव्हा, तहान भागेल तेवढे प्यावे. कॉम्रेड्समध्ये पाणी लहान पिशव्यांतून देतात. प्रत्येक पिशवी संपवलीच पाहिजे असे नाही, उरलेले डोक्यावर ओतावे. शर्यत संपल्यावर वजन थोडे उतरलेले असणे ठीक, वाढलेले असणे हा धोक्याचा इशारा. नुसते मीठ किंवा क्षाराची पावडर घेतल्याने जास्तीच्या पाण्याचा दोष जात नाही. हातापायांना सूज, मळमळ, डोकेदुखी, बरळणे दिसले तर पाणी थांबवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. अशा रुग्णाला सोडियम तपासल्याशिवाय नेहमीचे सलाइन लावू नये, हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंतीपूर्वक सांगतो. अंग तापलेले असेल आणि शुद्ध हरपत असेल तर मात्र तो उष्माघात असू शकतो. तिथे आधी गार पाण्याने अंग थंड करावे, मग हलवावे.

वेदनाशामक गोळ्या नकोत

बऱ्याच पळणाऱ्यांच्या खिशात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी असते. एरवी उपयोगी असलेल्या या गोळ्या लांब शर्यतीत मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच घामाने पाणी उतरलेले, त्यात तुटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडातून जात असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लांब शर्यतीत आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या मूत्रपिंडावर ताण दिसला. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या जवळ होते. बहुतेकांचे मूत्रपिंड पुढे सावरते, पण एखाद्याचे सावरत नाही. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट झाली, किंवा बराच काळ झालीच नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निघण्यापूर्वीची यादी

त्यांच्या पत्नीने वहीच्या पानावर लिहून घेतले, तेच येथे देतो.

१. पायाची नखे चार-पाच दिवस आधी सरळ कापावीत. आदल्या दिवशी नको.

२. बूट वापरातले, निदान दोन-तीन लांब धावा झालेले. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, कारण उतारावर बोटे पुढे जातात.

३. काखा, जांघा, स्तनाग्रे आणि पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावावे.

४. जूनमध्ये तिकडे हिवाळा. पहाटे थंडी आणि दुपारी ऊन. सुरुवातीला टाकून देता येईल असा जुना सदरा अंगावर असावा.

५. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पहाटे उठणे सोपे जाते, पण संध्याकाळी झोप लवकर येते. ती येऊ द्यावी. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालते, त्याच्या आधीच्या दोन रात्री चांगली झोप हवी.

६. विमान मधल्या कोणत्या देशातून जाते ते पाहून पीतज्वराच्या लशीची चौकशी वेळेत करावी. लशीचा दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य होतो.

७. स्वतःच्या रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. रक्तगट, औषधांची नावे आणि घरचा फोन एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावा.

८. शर्यत संपल्यावर एकदम थांबू नये. दहा मिनिटे हळू चालावे. भोवळ आल्यास आडवे होऊन पाय उंच ठेवावेत.

पुढे काय झाले?

त्यांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या ठीक आल्या. पाच दिवस ते घरीच होते, आणि पत्नीच्या सांगण्यानुसार त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत कठीण पाच दिवस होते. निघण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आले. नाडी ५४, हृदयाचा आलेख व्यवस्थित. मी कागदावर सही केली. खरे सांगायचे तर त्या रात्री मलाही नीट झोप लागली नाही.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दरबानहून फोन आला. ११ तास ३८ मिनिटे. साडेदहा तासांत पोचते तर कांस्यपदक मिळाले असते. ११ तासांनंतर पोचणाऱ्यांना मिळते ते व्हिक क्लॅफमच्या नावाचे तांब्याचे पदक. पहिले साठ किलोमीटर लोक पुढे जात होते आणि हे मोजून चालत होते. फील्ड्स हिलनंतर त्यातले बरेच जण रस्त्याच्या कडेला मांड्या धरून बसलेले दिसले, असे म्हणाले.

मी आधी विचारले, ‘लघवीचा रंग कसा आहे?’

‘नेहमीसारखा, पिवळा. डॉक्टर, बाकी सगळं ठीक आहे. फक्त हॉटेलचा जिना उलटा उतरतोय.’

मी म्हटले, ‘आठवडाभर उलटाच उतरा. आणि आल्यावर रक्त तपासायला या.’